पाऊल मोजणारे यंत्र : निवड आणि पारख

चालण्याच्या व्यायामास ना मैदान लागते, ना साहित्य, ना शुल्क. तरीही भारतातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्मी माणसे आरोग्यास आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नाहीत, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून दिसून आले. २०२२ या वर्षासाठी काढलेल्या त्या अंदाजानुसार पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असावेत असा अंदाज दिला. अशा रुग्णांना, हृदयविकारातून बरे होणाऱ्यांना आणि उतारवयातील स्त्रीपुरुषांना डॉक्टर जे सल्ले देतात, त्यांत ‘रोज चालत जा’ हा सल्ला हमखास असतो.

सल्ला सोपा आहे. परंतु त्याचे मोजमाप सोपे नाही. आज किती चालणे झाले, कालपेक्षा अधिक की उणे, हे स्मरणावर सोपविले की माणूस बहुधा स्वतःला झुकते माप देतो. ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे पेडोमीटर अर्थात पाऊलमापक. कंबरेच्या पट्ट्यास अडकविण्याच्या लहानशा डबीपासून मनगटावरील फिटनेस बँड आणि स्मार्ट घड्याळापर्यंत या साधनाची अनेक रूपे आज बाजारात मिळतात. काही शे रुपयांपासून अनेक हजार रुपयांपर्यंत त्यांच्या किमती आहेत. किंमत वाढली की अचूकताही वाढते, असा ग्राहकाचा सहज समज होतो. वस्तुतः पावले मोजणे हे यंत्राच्या अनेक कामांपैकी सर्वांत साधे काम असून ते स्वस्त यंत्रेही चांगले करू शकतात. अधिकची किंमत बहुतांशी इतर सोयींसाठी मोजावी लागते. म्हणूनच बेताच्या खर्चात योग्य यंत्र निवडावयाचे असेल, तर ते कसे चालते, कोठे चुकते आणि त्याची पारख घरच्या घरी कशी करता येते, हे जाणून घेणे हिताचे ठरते.

दहा हजार हा आकडा कोठून आला?

पाऊलमापक विकत घेणाऱ्याच्या मनात बहुधा एक आकडा आधीच ठसलेला असतो. तो म्हणजे दिवसाला दहा हजार पावले. या आकड्याचा उगम जपानमध्ये आहे. १९६४ मध्ये टोकियो येथे ऑलिंपिक सामने झाले आणि त्या देशात व्यायामाविषयी उत्साहाचे वातावरण निर्माण झाले. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, यामासा या कंपनीने कंबरेस लावण्याचे एक पाऊलमापक बाजारात आणले आणि त्यास ‘मॅनपो-केई’ असे नाव दिले. जपानी भाषेत त्याचा अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होतो. लक्षात राहण्याजोगा हा पूर्णांक पुढे जगभर पसरला.

अलीकडील संशोधनाने या आकड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. अमेरिकेतील सुमारे १७ हजार वयस्क स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ वर्षे होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये अभ्यासाच्या काळातील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पावले वाढत गेली तसा हा लाभही वाढला. परंतु सुमारे ७,५०० पावलांनंतर तो स्थिरावला. २०२२ मध्ये १५ निरनिराळ्या अभ्यासांतील ४७ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीचा एकत्रित विचार करण्यात आला. त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी हा लाभ ६ ते ८ हजार पावलांच्या सुमारास, तर त्याहून कमी वयाच्या व्यक्तींसाठी ८ ते १० हजार पावलांच्या सुमारास स्थिरावत असल्याचे दिसून आले.

या निष्कर्षांचा ग्राहकाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा अर्थ निघतो. बैठे जीवन जगणाऱ्या माणसाने दिवसाकाठी एक-दोन हजार पावले वाढविली, तरी त्याच्या आरोग्याच्या दृष्टीने ती मोलाची असतात. मात्र ही वाढ खरोखर झाली आहे की ती यंत्राने चुकून दाखविली आहे, हे कळावयास हवे. पाच हजार पावलांच्या हिशेबात यंत्र पाचशे-सातशे पावलांची मनमानी चूक करू लागले, तर नेमके जे मोजावयाचे तेच हरवून जाते.

यंत्र पाऊल कसे ओळखते?

कोणतेही पाऊलमापक पाय ‘पाहत’ नाही. चालताना शरीर प्रत्येक पावलागणिक किंचित वरखाली होते. ही हालचाल टिपणे आणि तिचे ठोके मोजणे एवढेच यंत्राचे काम असते. हे काम तीन पद्धतींनी केले जाते.

पहिली पद्धत स्प्रिंगची होय. यंत्राच्या आत स्प्रिंगने तोललेली एक लहान आडवी दांडी असते. पाऊल पडल्याच्या हिसक्याने ती खालीवर होते, विद्युत् जोडणी पूर्ण करते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. ही रचना स्वस्त व साधी आहे. परंतु यंत्र कंबरेवर अगदी सरळ उभे राहिले, तरच दांडी नीट हलते.

दुसऱ्या पद्धतीत ताण पडला असता सूक्ष्म विद्युत् दाब निर्माण करणाऱ्या स्फटिकाचा उपयोग केलेला असतो. शरीराच्या हालचालीने स्फटिकाची पट्टी वाकते व विद्युत् दाबात चढउतार होतात. ते मोजून पावलांची संख्या काढली जाते. यंत्र थोडे कलले तरी या पद्धतीत फारसे बिघडत नाही.

तिसरी पद्धत आजच्या बहुतेक मनगटी पट्ट्यांत व मोबाइल फोनमध्ये असते. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म भागाची तिन्ही दिशांतील हालचाल टिपणारा हा वेगसंवेदक खिशात, पिशवीत किंवा मनगटावर कसाही ठेवला तरी काम करतो. मात्र येथे दुसरी बाब निर्णायक ठरते. संवेदकाने टिपलेल्या असंख्य हालचालींतून पाऊल कोणते आणि हाताचा सहज झटका कोणता, हे ठरविण्याचे काम यंत्रातील आज्ञावली करते. एकाच जातीचा संवेदक असलेली दोन यंत्रे भिन्न आकडे दाखवितात, त्याचे हे एक मुख्य कारण आहे. खोट्या पावलांची गणना टाळण्यासाठी अनेक यंत्रे काही पावले सलग पडल्याशिवाय मोजणीस आरंभच करीत नाहीत. त्यामुळे लहान घरात स्वयंपाकघर ते बाहेरची खोली अशा चार-पाच पावलांच्या फेऱ्या दिवसभर होऊनही त्या हिशेबात येत नाहीत.

चूक कोठे होते?

पाऊलमापकाच्या चुका दैवाधीन नसतात. त्यांना ठरावीक कारणे असतात. पहिले कारण म्हणजे संथ चाल. ताशी तीन किलोमीटरपेक्षा कमी वेगाने चालताना शरीरास बसणारा हिसका इतका मंद असतो की कित्येक यंत्रे, विशेषतः स्प्रिंगची, पावले गाळू लागतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जपून पाऊल टाकणारी स्त्री किंवा काठीच्या आधाराने अंगणात फेऱ्या मारणारे आजोबा यांना ही अडचण सर्वाधिक जाणवते. ज्यांनी चालावे म्हणून हा सारा खटाटोप करावयाचा, त्यांचेच श्रम यंत्र अशा रीतीने कमी लेखते. पाऊण तास चालूनही आकडा जेमतेम सरकलेला पाहून त्यांचा उत्साह मावळण्याचा संभव असतो.

दुसरे कारण देहयष्टी व पोशाख यांचे आहे. पोट सुटलेले असल्यास कंबरेवरील यंत्र पुढे कलते आणि स्प्रिंगची दांडी अडखळते. स्थूल व्यक्तींवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात स्फटिकाचे यंत्र स्प्रिंगच्या यंत्राहून सरस ठरले, त्याचे कारण हेच होते. साडी अथवा धोतर नेसणाऱ्यांना यंत्र सरळ बसविण्यासाठी ताठ पट्टा नसतो, ही आपल्याकडील विशेष अडचण आहे. सैल वस्त्रास लावलेले स्प्रिंगचे यंत्र हेलकावे खात राहते. अशांनी कनवटीस किंवा लहान बटव्यात ठेवता येईल असे, तिन्ही दिशांतील हालचाल टिपणारे यंत्र घेणे सोयीचे होय.

तिसरे कारण हाताच्या हालचालींचे आहे. मनगटावरील यंत्र हाताच्या झोक्यावर बरेचसे अवलंबून असते. डोक्यावरील हंडा किंवा भारा धरून चालणारी स्त्री, मुलास कडेवर घेऊन जाणारी माता, वॉकरच्या आधाराने चालणारा रुग्ण यांचे हात स्थिर असतात. साहजिकच त्यांची पावले कमी भरतात. याउलट पोळ्या लाटताना, कपडे घासताना किंवा भजनात टाळ वाजविताना एकही पाऊल न टाकता आकडा वाढण्याची शक्यता असते. खडबडीत रस्त्यावरून मोटारसायकलने किंवा एसटीने केलेला प्रवासदेखील काही यंत्रांच्या हिशेबी पायी चालणे ठरतो.

या संदर्भात २०१५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली एक छोटी परंतु उद्बोधक चाचणी उल्लेखनीय आहे. १४ निरोगी तरुणांना यांत्रिक पट्ट्यावर ताशी सुमारे पाच किलोमीटर वेगाने चालवून दहा साधनांची व ॲपची तुलना करण्यात आली. कंबरेस लावलेल्या यंत्रांची सरासरी चूक एक टक्क्यापलीकडे गेली नाही. खिशातील मोबाइल फोनवरील ॲपची चूक दोन्ही बाजूंस सुमारे सहा ते सात टक्क्यांच्या आत राहिली. मनगटी साधनांपैकी एकाने मात्र जवळजवळ २३ टक्के पावले गाळली. त्यानंतर मनगटी साधनांत सुधारणा झाल्या असल्या, तरी यंत्र शरीराच्या मध्याजवळ असल्यास पाऊल नीट कळते, हे तत्त्व बदललेले नाही.

शंभर पावलांची परीक्षा

पाऊलमापकाच्या अचूकतेचा दाखला वेष्टनावरील मजकुरात शोधण्याची आवश्यकता नाही. जपानने १९९३ मध्ये पाऊलमापकांसाठी औद्योगिक मानक ठरविले. त्यानुसार शंभर पावलांमागे जास्तीत जास्त तीन पावलांची चूक क्षम्य मानली जाते. हीच कसोटी कोणताही ग्राहक कोणत्याही उपकरणाविना लावू शकतो.

सपाट जागी यंत्र नेहमीच्या ठिकाणी लावून उभे राहावे व त्यावरील आकडा टिपून घ्यावा. मग नेहमीच्या चालीने मोजून शंभर पावले चालावीत. बरोबर एखादी व्यक्ती मोठ्याने मोजणारी असल्यास उत्तम. थांबल्यावर क्षणभर वाट पाहावी. कारण काही मनगटी यंत्रांत आकडा थोडा उशिरा उमटतो. नंतर वाढलेल्या पावलांची संख्या लिहावी. असे तीन वेळा करावे. त्यानंतर हीच कृती संथ चालीने तीन वेळा करावी. शेवटी वाहनातून दहा मिनिटे प्रवास करून, न चालता आकडा किती वाढतो ते पाहावे.

शंभरास ९७ ते १०३ असा आकडा येत असल्यास यंत्र उत्तम समजावे. ९५ ते १०५ असल्यास नित्याच्या उपयोगास ते पुरेसे आहे. मात्र केवळ सरासरी पाहून निर्णय घेणे चुकीचे ठरेल. समजा, एका यंत्राने तीन वेळा अनुक्रमे ९२, ९१ व ९३ पावले दाखविली आणि दुसऱ्याने ८८, १०७ व ९९ दाखविली. पहिल्याची सरासरी ९२ व दुसऱ्याची ९८ येते. वरवर पाहता दुसरे यंत्र अधिक अचूक वाटते. परंतु पहिले यंत्र नेहमी सारखेच कमी मोजते. त्याने ५,००० दाखविल्यास प्रत्यक्षात सुमारे ५,४०० पावले झाली, असा हिशेब सहज करता येतो आणि कालच्या आकड्याशी आजच्या आकड्याची तुलना खरी ठरते. दुसरे यंत्र आज कमी तर उद्या अधिक मोजणार. त्यावरून प्रगती झाली की नाही, हे कळणे अशक्य होय. घरातील घड्याळ रोज पाच मिनिटे मागे असेल तरी गाडी गाठता येते; ते कधी मागे, कधी पुढे धावू लागले की निरुपयोगी होते. म्हणून अचूकतेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्व सातत्याला द्यावयास हवे.

मोजलेले आणि अनुमानलेले

यंत्राच्या पडद्यावर पावलांसोबत अंतर, खर्च झालेल्या कॅलरी, नाडीचे ठोके, झोप, रक्तातील प्राणवायू असे अनेक आकडे झळकतात. ते सारे सारख्याच विश्वासाचे नसतात. उपग्रहाच्या साहाय्याने स्थान ठरविण्याची सोय नसलेल्या यंत्रात अंतर मोजलेले नसते, तर पावलांच्या संख्येस पावलाच्या लांबीने गुणून काढलेले असते. ही लांबी यंत्र बहुधा उंचीवरून गृहीत धरते. शाळेच्या मैदानावरील ४०० मीटरच्या धावमार्गाची एक फेरी चालून आपल्या पावलाची खरी लांबी काढता येते. एका फेरीस ५८० पावले लागल्यास पाऊल सुमारे ६९ सेंटिमीटरचे झाले. यंत्राने ते ७५ सेंटिमीटर धरले असल्यास दहा हजार पावलांमागे सुमारे ६०० मीटर अंतर उगाच वाढते. ही दुरुस्ती यंत्रात करता येते की नाही, हे खरेदीपूर्वी विचारावे.

कॅलरींचा आकडा याहूनही कच्चा असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० व्यक्तींवर सात मनगटी यंत्रांची चाचणी घेतली व २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सातांपैकी सहा यंत्रांनी नाडीचे ठोके पाच टक्क्यांपेक्षा कमी चुकीने मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के, तर सर्वांत वाईट यंत्राची ९३ टक्के होती. उत्तम यंत्राने ३०० कॅलरी दाखविल्या तरी त्यात ८० कॅलरींचा फरक असू शकतो, असा याचा अर्थ होतो. तेव्हा पडद्यावरील कॅलरी पाहून त्या भरवशावर जेवणात गोडाधोडाची भर घालणे हितावह नाही.

रक्तातील साखरेसंबंधी तर विशेष सावधगिरी बाळगावयास हवी. त्वचेस न टोचता साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा चुकीच्या आकड्यावर विसंबून मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिनची मात्रा बदलल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. रक्तदाब, साखर व औषधे यांविषयीचे निर्णय डॉक्टरांच्या तपासणीवरच सोपवावेत.

कोणी काय निवडावे?

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे व जे तो खिशात ठेवूनच वावरतात, त्यांनी आरंभी एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये वेगसंवेदक असतोच. केंद्र शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘फिट इंडिया’ या निःशुल्क ॲपमध्ये पावले मोजण्याची सोय देण्यात आली. मात्र फोन टेबलावर ठेवून केलेले चालणे मोजले जात नाही. ज्यांच्या पोशाखास खिसा नाही अशा स्त्रियांच्या बाबतीत हा पर्याय म्हणूनच अपुरा पडतो.

ज्येष्ठ नागरिकांसाठी किंवा स्मार्टफोन न वापरणाऱ्यांसाठी कंबरेस अथवा खिशात ठेवावयाचे साधे यंत्र सर्वांत उपयुक्त ठरते. ते तिन्ही दिशांतील हालचाल टिपणारे असावे, आकडे ठळक असावेत आणि मागील आठवड्याची नोंद त्यात साठवता यावी. अशी बरीच यंत्रे नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर कित्येक महिने चालतात. त्यांना रोज चार्जिंग किंवा इंटरनेट लागत नाही. आकडा शून्यावर आणणारे बटण चुकून दाबले जाणार नाही, एवढे पाहावे.

दिवसभर यंत्र विसरू नये आणि नाडीचे ठोकेही कळावेत, अशी इच्छा असणाऱ्यांनी साधा मनगटी पट्टा घ्यावा. त्वचेवर प्रकाश टाकून तो ठोके मोजतो. त्यासाठी पट्टा मनगटाच्या हाडाच्या किंचित वर नीट बसलेला असावा लागतो. तो सैल राहिल्यास आकडे चुकतात. फोन घेण्याची, गाणी ऐकण्याची किंवा नकाशा पाहण्याची सोय असलेल्या महाग घड्याळामुळे पावले अधिक अचूक मोजली जातील, असे मात्र मानू नये.

अतिशय संथ चालणाऱ्यांनी मनगटी यंत्र घोट्यास बांधून शंभर पावलांची परीक्षा घेऊन पाहावी. पावलाचा हिसका तेथे अधिक स्पष्ट असतो. तरीही यंत्र साथ देत नसल्यास पावलांचा नाद सोडून मिनिटे मोजावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. भरभर चालणाऱ्या प्रौढाची मिनिटाला सुमारे शंभर पावले पडली म्हणजे तो मध्यम व्यायाम समजला जातो. ज्यांना तेवढी गती झेपत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने झेपेल तेवढी मिनिटे चालावे. त्यांचे मोजमाप भिंतीवरील घड्याळही बिनचूक करते.

खरेदीच्या वेळी

आवेष्टित वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हा मजकूर नसलेले यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी स्मार्ट घड्याळांसाठी आवश्यक असली, तरी ती विद्युत् सुरक्षिततेविषयी आहे. पावलांच्या अचूकतेची ती हमी नव्हे. पावती व हमीपत्र जपून ठेवावे आणि वस्तू परत करण्याची मुदत किती, हे आधी विचारून त्या मुदतीतच शंभर पावलांची परीक्षा उरकावी. वस्तू सदोष असूनही विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही जाता येते.

मनगटी यंत्रासोबत येणाऱ्या ॲपकडेही लक्ष द्यावे. ते आपल्या फोनवर चालते काय, नोंदी पाहण्यासाठी दरमहा वर्गणी द्यावी लागते काय, तुटलेला पट्टा वेगळा विकत मिळतो काय, हे प्रश्न आधी विचारलेले बरे. पावले मोजण्यासाठी ॲपला फोनमधील नावांची यादी किंवा छायाचित्रे पाहण्याची गरज नसते. अशी परवानगी मागितल्यास ती नाकारावी. माणसाच्या प्रकृतीची व दिनक्रमाची माहिती ही त्याची खाजगी बाब होय.

यंत्र घेतल्यानंतर

यंत्र हाती येताच दहा हजारांच्या मागे लागू नये. पहिले सात दिवस नेहमीसारखेच वागावे व रोज रात्री आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावा. सातांची सरासरी हाच आपला पाया. ती ३,२०० आली तर पुढील दोन आठवडे ३,७०० चे लक्ष्य ठेवावे आणि ते सहज जमू लागले की पुन्हा ५०० ने वाढवावे. हृदयविकार, सांधेदुखी किंवा पायांच्या संवेदना कमी करणारा मधुमेह असल्यास ही वाढ डॉक्टरांना विचारूनच करावी.

नोंद आणि लक्ष्य यांचे महत्त्व संशोधनानेही दाखवून दिले आहे. पाऊलमापकासंबंधीच्या २६ अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काटेकोर तुलनात्मक चाचण्यांत यंत्र वापरणारे लोक न वापरणाऱ्यांपेक्षा दिवसाला सरासरी सुमारे अडीच हजार पावले अधिक चालू लागल्याचे त्यात आढळले. ज्यांनी रोजचे लक्ष्य ठरविले, त्यांच्यातच ही वाढ ठळकपणे दिसून आली. दुसरीकडे, वजन घटविण्याविषयीच्या दोन वर्षांच्या एका अमेरिकी चाचणीत अंगावर यंत्र वागविणाऱ्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलोने, तर ते न वागविणाऱ्या गटाचे ५.९ किलोने घटले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष यंत्राकडून भलत्या अपेक्षा ठेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. यंत्र माणसास चालवीत नाही. ते त्याच्या चालण्याचा हिशेब ठेवते.

हा हिशेब प्रामाणिक असावा, एवढीच यंत्राकडून अपेक्षा धरावी. शंभर पावलांस शंभराच्या जवळपास आकडा दाखविणारे, दररोज सारखेच वागणारे आणि वापरणाऱ्याच्या पोशाखास, चालीस व खिशास साजेसे यंत्र हेच त्याच्यासाठी उत्तम यंत्र होय. अनेक घरांत ते फोनच्या रूपाने आधीच आलेले आहे. ज्यांना नवे घ्यावयाचे आहे त्यांनी दुकानातून बाहेर पडताच, पावती हाती असताना, पहिली शंभर पावले मोजून टाकावीत.